शामरावांच्या घरी बसायला

मला गाण्यातलं फार कळतं, असं आमच्या ऑफिसात बरीच वर्षं समजलं जात असे. हा समज मीच पसरवला होता आणि त्यासाठी मेहनतही घेतली होती. बदामी रंगाची एक शाल माझ्याकडे होती. ती नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा मी खांद्यावरून काढत नसे. मैफलीत डोळे मिटून बसायचं आणि समेच्या जरा आधीच मान टाकायची, म्हणजे शेजारच्याला वाटतं, याला पुढचं दिसतं. डोळे मिटले की मला बरेचदा झोप लागे. पण झोपेतही मान पडतच असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मला करमणूक मंडळाच्या संगीत विभागाचा सचिव करण्यात आलं. या विभागाची एकूण मालमत्ता म्हणजे एक बेसूर पेटी आणि मी.

शामराव आमच्या ऑफिसात दफ्तरी होते. जुन्या फायली शिवायच्या, फाटक्या रजिस्टरांना पुठ्ठे चढवायचे, हे त्यांचं काम. जिन्याखाली त्यांची अंधारी जागा होती. तिथे मांडी घालून, पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचं टोक बांधून ते शिवत बसलेले असत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी कोट, दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा, आणि तोंडाने काहीतरी बारीक सुरात चाललेलं. फायल शिवताना ते दोरा कधी करकचून ओढत नसत. मी एकदा, सचिव या नात्याने नव्हे, नुसताच शहाणपणा म्हणून, त्यांना म्हटलं, "शामराव, जरा घट्ट शिवा ना. सुटेल."

"घट्ट शिवलं का उघडत नाही जी," ते म्हणाले. "मंग लोक जबरदस्तीनं उघडतात अन् फाटते. थोडं ढिलं पाहिजे."

हे ते फायलींबद्दल बोलत होते. मी मात्र घरी जाऊन बायकोला ते संसाराबद्दलचं तत्त्वज्ञान म्हणून ऐकवलं. ती म्हणाली, "आधी तुमच्या पायजम्याची नाडी बघा."

ऑफिसात कुणाच्या घरी काही वाईट घडलं की आम्ही सगळे ठरलेली वाक्यं म्हणत असू. देवाची इच्छा, धीर धरा, काळ हे औषध आहे. शामराव यातलं काही म्हणत नसत. ते त्या माणसाजवळ जाऊन विचारत, "आज काय जेवले?" तो काहीतरी सांगे. मग ते म्हणत, "रविवारी बसायले या. तीन वाजता."

आपल्याकडे कुणी गेलं की लोक त्या घरी बसायला जातात. शामरावांनी ते उलटं केलं होतं. ज्याचं माणूस गेलं, त्याने यांच्याकडे बसायला यायचं. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात पाण्याचा माठ. दर रविवारी तिथे आठ-दहा माणसं जमत आणि शामराव गात. पेटी नाही, तबला नाही. एका जुन्या रजिस्टराचा कापडी पाठीचा पुठ्ठा मांडीवर घेऊन त्यावर दोन बोटांनी ठेका धरायचा, एवढाच सरंजाम.

छप्पन साली बौद्ध होण्याआधी शामराव गावात भजनं म्हणत. त्यानंतर त्यांनी देवाची गाणी सोडली आणि कामाची धरली. रोवणीची, निंदणाची, मोट हाकण्याची, मागावरची. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, तुमच्याकडे काम करताना काय म्हणायचे? आणि ते शिकून घेत. मी त्यांना विचारलं होतं, दुःखी माणसाला निंदणाचं गाणं ऐकवून काय होणार?

"निंदणारीले रडायले सुट्टी भेटत नव्हती न बाबू," ते म्हणाले. "ते काम करता करताच रडून घेत होती. गाणं त्याच्यासाठीच होतं."

पहिल्या रविवारी मी शाल घेऊन गेलो. माझ्या घरी तेव्हा कुणी गेलेलं नव्हतं. मी गेलो होतो पारखायला. पुढेच बसलो, डोळे मिटले. शामरावांनी मोटेचं गाणं धरलं. आवाज काही फार मोठा नव्हता, पण त्यात कुठे खोटं नव्हतं. दुसऱ्याच कडव्याला मी सवयीने ओरडलो, "क्या बात है!"

गाणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. शामराव काळजीने म्हणाले, "काय झालं जी? काही चावलं का?"

"नाही, दाद दिली," मी म्हणालो.

"ऐकवायसाठी नाही म्हणून राहिलो, बाबू. मोट ओढून राहिलो. मधात बोललं का बैल थांबते."

त्या दिवशी कामठीचा एक विणकर आला होता. आठ दिवसांपूर्वी त्याचा भाऊ गेला होता. शामरावांनी त्याला त्यांच्या मागावरचं गाणं विचारलं. तो म्हणाला, "हमारे यहाँ गाना नहीं होता. बस धागे की गिनती होती है."

"तो गिनती बोलो," शामराव म्हणाले आणि पुठ्ठ्यावर ठेका धरला. विणकर मोजू लागला. चाळीसच्या आसपास तो अडला. ठेका थांबला नाही. जरा वेळाने तो पुन्हा एकपासून मोजू लागला, आणि आता सगळी खोली त्याच्याबरोबर मोजत होती. तीनदा तो अडला, तीनदा एकपासून सुरू झालं. पाच वाजता आम्ही शंभरावर पोचलो. मग आतून चहा आला. मी घरी येताना रिक्षात विचार करत होतो की याला राग कोणता म्हणावा.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी माझे वडील गेले.

आई रडली नाही. तेराव्यापर्यंत लोक म्हणत होते, किती धीराच्या आहेत. तेरावं झालं, महिना झाला, सहा महिने झाले, आणि आईने हळूहळू बोलणंच बंद केलं. विचारलं तर हो, नाही. संध्याकाळचं जेवण सोडलं. दिवसभर स्वयंपाकघरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "टॉनिक लिहून देतो. पण खरं सांगू का, त्यांनी आतून आवरतं घेतलंय. असंच चाललं तर हिवाळा काढणार नाहीत."

मी हातपाय गाळून बसणारा नव्हतो. मी नवा रेडिओ आणला. तो लावला की आई उठून मागच्या अंगणात जायची. एक कीर्तनकार घरी आणले. त्यांनी दोन तास वैराग्यावर निरूपण केलं, म्हणजे आईला जे आधीच झालं होतं त्यावर. तिला रामटेकला नेलं. तिचं माहेर तिकडेच, मालगुजाराचं म्हणजे जमीनदाराचं घर, धानाची शेती. देवळाच्या पायरीवर ती देवाकडे पाठ करून खालच्या धानाच्या बांध्यांकडे बघत बसली आणि थोड्या वेळाने "चल" म्हणाली. तिचे गुडघे दुखत असावेत, असा निष्कर्ष मी काढला.

शेवटी जिन्याखाली जाऊन शामरावांना सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"रविवारी घेऊन या त्याईले."

"तिला एवढं लांब जमणार नाही," मी म्हणालो.

लांब काही नव्हतं. सायकलरिक्षाने वीस मिनिटं. खरी गोष्ट अशी की मालगुजाराच्या लेकीला त्या वस्तीत नेऊन सतरंजीवर बसवायची मला लाज वाटली. नातेवाईक काय म्हणतील, तिथे पाणी प्यावं लागलं तर आई काय करेल, असले हिशेब माझ्या डोक्यात होते. आमच्या स्वयंपाकघराच्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी वेगळी ठेवलेली असे. ती कुणासाठी होती हे सांगायला नको. मी शिकलेला, सुधारलेला माणूस. त्या कपबशीबद्दल मी आयुष्यात चकार शब्द काढला नव्हता. शामरावांना हे सगळं माझ्या तोंडावर दिसलं असणार. ते म्हणाले, "बरं. मी येतो."

इथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला सचिव जागा झाला. शामराव येतातच आहेत तर रीतसर कार्यक्रम का करू नये? मी 'मनःशांती लोकगीत सभा' असं नाव काढलं. ऑफिसच्या टायपिस्टकडून कार्डं टाईप करून घेतली. आमच्या साहेबांना अध्यक्ष केलं. ओळखीच्या गणेश मंडळाकडून माइक आणि भोंगा आणला, एक तबलजी बोलावला. आईचं दुःख हलकं करण्यासाठी मी चाळीस खुर्च्या मागवल्या. शिवाय शामरावांना सोपं जावं म्हणून मनाला उभारी देणाऱ्या सात अभंगांची यादी केली. हा माणूस देवाचं गात नाही, हे मला माहीत असताना.

रविवारी तीनच्या सुमारास शामराव आले. अंगणातल्या खुर्च्या पाहिल्या, माइक पाहिला, पहिल्या रांगेत हार घालून बसलेले साहेब पाहिले. मी यादी हातात दिली. त्यांनी तिची नीट चौघडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"मायबाई कुठं आहे?"

"स्वयंपाकघरात. बाहेर यायला तयार नाही. पण काळजी नको, भोंग्यामुळे आत स्पष्ट ऐकू जाईल."

"काय करून राहिली?"

"तांदूळ निवडते आहे."

"मंग ठीक आहे," शामराव म्हणाले आणि घराच्या बाजूच्या बोळातून सरळ मागे चालू लागले. मी घरातून धावत स्वयंपाकघराच्या आतल्या दारात पोचलो, तोवर ते मागच्या पायरीवर बसले होते. उंबऱ्याच्या बाहेर. आई आत, सूप मांडीवर घेऊन. तिने मान वर केली नाही. शामरावांनीही नमस्कार वगैरे काही केला नाही. पिशवीतून पुठ्ठा काढला, आईचा हात सुपात ज्या चालीने फिरत होता तीच चाल बोटांनी धरली आणि रोवणीचं गाणं सुरू केलं.

मालगुजाराची लेक बसली बांधावर,
ऊन लागते म्हणे गोऱ्या पायावर.
आम्ही वाकलो कमरेतून, पाणी आलं गुडघ्यावर,
तिले म्हणा उतर खाली, पऱ्हे घे हातावर.

सात अभंग खिशात ठेवून हा माणूस मालगुजाराच्या लेकीला तिच्याच स्वयंपाकघरात टोमणे मारत होता! धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं लावणाऱ्या बायका मालकीण दूर गेली की म्हणायच्या, त्यातलं ते गाणं. मी त्यांना हातवारे केले. त्यांनी पाहिलं नाही. तेच कडवं पुन्हा म्हटलं.

आईचा हात थांबला.

"उतरली होती मी," ती म्हणाली.

आवाज घोगरा झाला होता. शामराव गायचे थांबले, बोटं मात्र चालूच ठेवली.

"बांधावरून उतरली होती मी खाली. चिखलात. त्या बायांसंग पऱ्हे लावले होते. ते काहून नाही म्हणत तू?"

"माह्या मायनं एवढंच शिकवलं जी," शामराव म्हणाले. "पुढचं मले येत नाही."

तशी प्रत्येक गावात मालगुजाराची एक लेक होतीच. हे गाणं नेमकं आईवर केलेलं असायचं काही कारण नव्हतं. पण आईला ते पटलं नसतं. तिने सूप बाजूला ठेवलं. "पुढं आहे," ती म्हणाली. "मी उतरली तवा त्याईनं जोडलं होतं. नऊ वर्षांची होती मी." आणि माझ्या आईने, जिला गाताना मी जन्मात ऐकलं नव्हतं, भिंतीकडे बघत म्हटलं,

उतरली वं उतरली, चिखल लागला पायाले,
आता कोण जाऊन सांगन इच्या बापाले.

आणि ती हसली. "सांगतलं कोणीतरी. लय मारलं बाबानं मले." हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. आठ महिन्यांचं सगळं बाहेर आलं. शामराव दोन्ही कडवी जोडून, त्याच ठेक्यात, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

एवढ्यात भोंगा खरखरला. खोळंबा नको म्हणून साहेबांनी अध्यक्षीय भाषण आधीच सुरू केलं होतं. 'लोकसंगीताचे राष्ट्रीय महत्त्व' या विषयावर त्यांचा आवाज सगळ्या घरात घुमू लागला. आईने डोळे पुसले आणि प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"तो भोंगा बंद कर," ती म्हणाली.

कित्येक महिन्यांत आई माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी धावत गेलो आणि माझ्या साहेबांचं भाषण बटण दाबून बंद केलं. साहेबांनी विचारलं, "कार्यक्रम केव्हा सुरू होणार?" मी म्हणालो, "झाला, साहेब." पुढच्या महिन्यात संगीत विभागाला नवा सचिव मिळाला.

परत आत आलो तेव्हा आई चहा करत होती. माझी नजर कोनाड्यातल्या कपबशीकडे गेली. आई कोनाड्याकडे गेलीच नाही. तिने फळीवरून वडिलांचा कप काढला. आठ महिने त्याला कुणी हात लावला नव्हता. तो विसळून तिने त्यात चहा ओतला आणि शामरावांपुढे पाट सरकवला. "पायरीवर काहून बसला गा? आत ये. फरशी थंडी आहे." मला इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही, आणि इतकं बरंही.

त्यानंतर सहा वर्षं आई जगली. दर रविवारी अडीचला रिक्षा करून ती शामरावांकडे बसायला जायची. मी बरोबर यायचं म्हटलं तर म्हणायची, "तू नको येऊ. तू माना हालवतं." शेवटी मान न हलवण्याच्या अटीवर मला दाराशी बसायची परवानगी मिळाली. ती गेली तेव्हा शामराव येऊन आमच्यात बसले. मी पोटभर रडत होतो, त्यामुळे त्यांना काही म्हणावं लागलं नाही.

पुढे ते निवृत्त झाले आणि खापरखेड्याला मुलाकडे राहायला गेले. मुलगा तिथल्या वीज केंद्रात लागला होता. रविवारचं बसणं संपलं. मी नेहमीप्रमाणे 'एकदा येतो' म्हणत राहिलो आणि तीन-चार वर्षं गेलो नाही. मग कुणाकडून तरी कळलं की त्यांची बायको, कौसल्याबाई, गेल्या.

मी बसने गेलो. वाटेत बोलायची वाक्यं तयार केली, त्यात काळ आणि औषध दोन्ही होतं. कॉलनीत घर शोधून काढलं. ओसरीवर शामराव पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते, हात त्यावर नुसते ठेवलेले. फार वाळले होते. माझी सगळी वाक्यं पळाली. मी विचारलं, "आज काय जेवले?"

"सुनेनं भाकर देली होती," ते म्हणाले. "बसा न जी."

मी खाली बसलो. मग मी म्हटलं, "शामराव, काही म्हणा."

"होत नाही, बाबू. पहिली ओळ म्हणतो अन् थांबतो. दुसरीले तिची वाट पाहतो."

मला काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "घरी दुसरी ओळ कौसल्याच धरत होती न जी. आतून, चुलीपासून. मले दम घ्यायले तेवढीच जागा भेटत होती. तुम्ही तं इतके वर्षं ऐकलं."

इतकी वर्षं ऐकलं होतं. ऑफिसात मी लोकांना समजावून सांगत असे की शामरावांच्या खोलीवर पत्र्याचं छप्पर आहे, म्हणून ओळ संपली तरी आवाज घुमत राहतो. एक बाई आतल्या खोलीत चहा उकळत दर रविवारी दोन तास गात होती आणि माझ्या कानांनी तिला पत्रा ठरवलं होतं. आईला नक्की माहीत असणार. तिने मला सांगितलं नाही, कारण मला सगळं कळतंच असं मी घरीही सांगून ठेवलं होतं.

शामरावांची बोटं पुठ्ठ्यावर हलली. त्यांनी तेच रोवणीचं धरलं. पहिली ओळ म्हटली आणि थांबले. बोटं चालत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते, आणि त्यांची वाट बघणं माझ्याने बघवेना.

मी तोंड उघडलं. जे बाहेर आलं त्याला गाणं म्हणायची माझी हिंमत नाही. सूर चुकला, ठेका चुकला, सून स्वयंपाकघरातून डोकावून गेली. पण शब्द बरोबर होते. मी दुसरी ओळ शेवटपर्यंत म्हटली.

शामरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात त्यांनी दम घेतला होता. त्यांनी तिसरी ओळ धरली.